चौथ्या मजल्यावरची घरघर

रात्रपाळी संपवून मी सातला आडवा होतो.
साडेआठला डोक्यावरून विमान सुटतं.

आधी नुसती कुरकुर, मग वेग, मग हजार फेरे, बाराशे,
छताचा दिवा हलतो,
कपाटातले पेले एकमेकांना ढुशा देतात,
आणि ती घरघर उतरते थेट दाढेत.
नोव्हेंबरपासून हेच चाललंय.
आज मात्र चढलोच वर, बनियनवर,
तोंडात चार वाक्यं धार लावून.

ल्येर्काने दार उघडलं. कोपरापर्यंत काळी.
"आलास ते बरं झालं. हे धर."

धरलं.
स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती.
स्प्रिंगा, पट्टा, होज, डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे बोल्ट,
आणि फरशीवर काँक्रीटचा एक ठोकळा.
यंत्राच्या पोटात दगड असतो
हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं.
तो नसता तर हे घरभर चालत सुटलं असतं, ती म्हणाली.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत फ्रान्यो.
एकतीस वर्षं रियेकाच्या गोदीत
जहाजांच्या पंख्यांचे दांडे बसवले त्याने,
माणसाच्या उंचीची बेअरिंगं.
गेल्या वर्षी उजवी बाजू गेली.
शब्द उरले तीन:
हो, नाही,
आणि एक शिवी, जी इथे लिहिता येत नाही.
एवढ्या भांडवलावर तो मुकादमी करत होता.

ड्रम सुटेना. लाकडाचा तुकडा ठेवून हातोडा,
पुन्हा हातोडा,
खालच्या मजल्यावर आता कोण झोपलं असेल
असा विचार आला, मग आठवलं.

सुटला तेव्हा तपकिरी पाणी ओघळलं.
बेअरिंग कसलं, गंजाचा लाडू.
ल्येर्काने रबरी सील बोटावर घेतलं,
कडेला केसाएवढी चीर.
"आधी हे जातं," म्हणाली.
"मग पाणी शिरतं, थेंब थेंब.
आवाज सुरू होतो तेव्हा
आत सगळं होऊन गेलेलं असतं."
फ्रान्यो खिडकीबाहेर बघत होता.
मी बॅटरी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

नवी दोन बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये होती
सार्डिनच्या पुड्याला टेकून.
थंडीने ती आकसतात. इकडे घराला
केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची.
बेअरिंग जिथे बसतं त्याला घरच म्हणतात, हेही आजच कळलं.
मग वेळ असतो फार तर एका श्वासाचा.
पहिलं नीट बसलं.
दुसरं अर्ध्यात तिरकं अडलं.

"नाही," फ्रान्यो म्हणाला.
ती ठोकत राहिली.
मग तो तिसरा शब्द.

ती थांबली. घाम पुसला, गाल काळा झाला.
तो जड हौद आम्ही दोघांनी उचलून
त्याच्या मांडीवर ठेवला, घोंगडीवर.
डाव्या हाताचं बोट कडेकडेने फिरलं,
सांध्याने टकटक केलं, कान खाली गेला.
पुन्हा टकटक.
मग एका जागी बोट रुतून राहिलं.

तिने जुन्या बेअरिंगची कडी वर धरली
आणि नेमकं तिथे मारलं,
त्याच्या मांडीवरच, हलक्या हाताने,
अंडं फोडावं तसं.
आवाज बदलला. मलासुद्धा कळलं.
"हो."

तळाशी सापडलं: एक ब्राचं तार,
कुणाच्या तरी बाळाचा मोजा (त्यांना मूल नाही),
दोन कुनांचं नाणं, त्यावरचा मासा घासून गुळगुळीत.
युरो आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही.
"तुझी मजुरी," म्हणाली. मी घेतली.

सगळं जोडून झाल्यावर
झाकणात एक स्क्रू उरला.
तिने पाहिला. मी पाहिला.
तिने तो उचलून गवती चहाच्या डब्यात टाकला
आणि कॉफी ठेवली.

आता सकाळी साडेआठ.
वर फिरतंय की नाही, कळत नाही.
दिवा हलत नाही. पेले गप्प.
मी टक्क जागा, छताला कान लावल्यासारखा,
कुठला होता तो स्क्रू?
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच
वरून मला फ्रान्यो ऐकू येतो:
तोच तिसरा शब्द, लांबवून,
सुट्टीच्या दिवशी म्हणावा तसा.